पदवीनंतरची दोन वर्षं: क्रीडा आणि व्यायाम मानसशास्त्रज्ञ घडतो कसा

एम.ए. मानसशास्त्र झालं, खेळाची आवड आहे, आता क्रीडामानसशास्त्रज्ञ व्हायला कुठला कोर्स करू? हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो. कोर्स हवाच. पण या कामाचं निम्म्याहून अधिक शिक्षण पदवी हातात पडल्यावर सुरू होतं, कुणा जाणत्याच्या देखरेखीखाली खऱ्या खेळाडूंबरोबर काम करताना. काही देशांत ही उमेदवारी सक्तीची आहे. आपल्याकडे ती करायला कुणी भाग पाडत नाही, म्हणून ती स्वतःच स्वतःवर लादून घ्यावी लागते.

आधी कायद्याचं. ब्रिटनमध्ये ‘स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी जुलै २००९ पासून संरक्षित आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत नाव नसताना ती लावली, तर तो गुन्हा ठरतो. तिथवर जाण्याचा नेहमीचा रस्ता असा: ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीला चालणारी मानसशास्त्राची पदवी, मग या विषयातली मान्यताप्राप्त एम.एस्सी., आणि त्यानंतर किमान दोन वर्षं देखरेखीखालचं काम. पुण्या-मुंबईहून एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी जाणाऱ्या मुलांनी हे नीट समजून घ्यावं. एम.एस्सी. हा फक्त पहिला टप्पा आहे, तेवढ्यावर तिथे ही उपाधी लावता येत नाही. आपली इथली पदवी सोसायटीला चालते का, हेही फी भरायच्या आधी तपासावं. नसेल चालत तर आणखी एक रूपांतर-अभ्यासक्रम करावा लागतो. अमेरिकेत ‘सर्टिफाइड मेंटल परफॉर्मन्स कन्सल्टंट’ हे प्रमाणपत्र आहे. त्यासाठी किमान मास्टर्स, मार्गदर्शकाखाली ४०० तासांचं काम आणि शेवटी परीक्षा.

भारतात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्या परिषदेचा कायदा १९९२ चा. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांनाही आपल्या कक्षेत घेतलं आहे, पण क्रीडामानसशास्त्रज्ञ अशी वेगळी संरक्षित उपाधी त्यातही नाही. थोडक्यात, उद्या कुणीही पाटी लावू शकतो, आणि लावतातही. दोन दिवसांची कार्यशाळा करून ‘माइंड कोच’ झालेली माणसं पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या मनात हात घालतात, याची मला मनापासून काळजी वाटते.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस सेवेतून आलेले. पातंजल योगाची बैठक घेऊन त्यांनी नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत अनेकांना घडवलं. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्या काळी इथे या विषयाची मळलेली वाट नव्हती. आज संशोधन हाताशी आहे, परदेशातले प्रशिक्षणाचे आराखडे उघड्यावर आहेत, तेव्हा आपण वाटच नाही असं म्हणण्यात अर्थ नाही.

या क्षेत्रात माणसं दोन दारांनी येतात. एक मानसशास्त्राचं, दुसरं शारीरिक शिक्षणाचं: बी.पी.एड., एम.पी.एड., ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था वगैरे. पहिल्या दाराने आलेल्याला नैराश्याची लक्षणं पाठ असतात, पण कबड्डीत चढाईपटूने निदानरेषा ओलांडली नाही तर काय होतं हे माहीत नसतं. खेळाडूला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि तो बोलायचा थांबतो. दुसऱ्या दाराने आलेल्याला खेळ येतो, शरीर कळतं, पण मनोविकृती, मापनशास्त्र आणि समुपदेशनाची कौशल्यं कच्ची असतात; त्याच्या हातून उपदेश फार होतो. दोघांनी आपापली उणी बाजू भरून काढायची. मानसशास्त्रवाल्यांनी एका खेळाचे नियम पंचांच्या परीक्षेला बसता येईल इतके शिकावेत, व्यायामशरीरशास्त्र आणि दुखापतींचं प्राथमिक ज्ञान घ्यावं. खेळाकडून आलेल्यांनी मानसशास्त्राची रीतसर पदवी आणि समुपदेशनाचं प्रत्यक्ष सरावाचं प्रशिक्षण घ्यावं. नुसती ऑनलाइन व्याख्यानं त्याला पुरत नाहीत, कारण ऐकणं हे करूनच शिकावं लागतं.

ब्रिटनच्या त्या दोन वर्षांत उमेदवाराला चार गोष्टींत तयारी दाखवावी लागते: व्यावसायिक आणि नैतिक वर्तन, सल्लासेवा, संशोधन, आणि आपलं ज्ञान इतरांपर्यंत पोहोचवणं. हीच चौकट इथे उचलावी. मात्र वेळ समसमान वाटू नये. सल्लासेवेला सर्वांत जास्त द्यावा, आणि तिचा आरंभ नुसत्या पाहण्याने करावा.

पहिले तीन महिने एकाच संघाबरोबर किंवा एकाच केंद्रावर जावं. तालीम असो, शासनाची क्रीडा प्रबोधिनी असो की गावातलं कबड्डी मंडळ. या काळात तंत्र शिकवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. वही घेऊन कडेला बसायचं. कबड्डीचं उदाहरण घेऊ. एका सामन्यात एकच चढाईपटू निवडा. प्रत्येक चढाईला पाच रकाने भरा: वेळ, गुणफलक, त्याची कितवी चढाई, चढाईच्या आधी त्याने काय केलं, नंतर काय केलं. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात लिहून होत नाही, म्हणून खुणा ठरवून ठेवा. लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरच्या ‘डू ऑर डाय’ चढाईवर वेगळी खूण करा. तो पकडला गेल्यावर बाहेर बसून काय करतो, आणि पुन्हा जिवंत होऊन आत आल्यावरची पहिली चढाई कशी असते, हे सर्वांत बोलकं असतं.

इथे होणारी चूक जवळजवळ ठरलेली आहे. उमेदवार लिहितो, ‘आत्मविश्वास कमी वाटला.’ हा निष्कर्ष झाला. वहीत यायला हवं ते असं: ‘तिसऱ्या चढाईआधी दोनदा बेंचकडे पाहिलं, आठ सेकंद मध्यरेषेजवळच राहिला, कोपऱ्याकडे गेलाच नाही.’ अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की मग त्यातून काही दिसू लागतं, आणि ते प्रशिक्षकालाही दाखवता येतं. दुसरी चूक म्हणजे सतत प्रशिक्षकाच्या शेजारी उभं राहणं. मुलं तुम्हाला प्रशिक्षकाचा माणूस समजतात आणि पुढे महिनोन्‌महिने खरं बोलत नाहीत.

त्यावरूनच गोपनीयतेकडे येऊ, कारण नवख्यांची सर्वांत जास्त कामं इथेच बिघडतात. खेळाडू, प्रशिक्षक, पालक, पैसे देणारी संघटना, अशा चार बाजू असतात आणि प्रत्येकाला वाटतं, तुम्ही आमचे. काम सुरू होण्याआधी सर्वांसमोर एक पानाचा मराठीत लिहिलेला करार वाचून दाखवा. खेळाडू सेशनला आला की नाही, हे प्रशिक्षकाला कळेल. आत काय बोलणं झालं, हे खेळाडूच्या संमतीशिवाय कळणार नाही. जिवाला धोका असेल तर मात्र गोपनीयता राहणार नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. त्या वेळी ‘आधी अकादमीच्या सरांशी बोलून पाहू’ हा पर्याय नसतो. अल्पवयीन खेळाडूसाठी पालकांची लेखी संमती घ्याच, आणि त्या मुलाचा होकारही वेगळा घ्या.

एवढं करूनही वस्ताद संध्याकाळी विचारतातच, ‘काय म्हणाला पैलवान?’ त्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. उत्तर आधीच तयार ठेवा: ‘वस्ताद, ते तो तुम्हाला स्वतः सांगेल, मी त्याला तसं सुचवतो. तुम्हाला त्याच्यात काय फरक दिसतोय ते मला सांगा.’ यात त्यांचा मान राहतो, पैलवानाचा विश्वास राहतो, आणि तुम्हाला उपयोगी माहिती मिळते.

मग येते पहिली खरी केस. समजा, सोळा वर्षांची बॅडमिंटनपटू आहे. दुसऱ्या गेममध्ये १८-१४ ने पुढे असते आणि हरते. असं चार-पाच स्पर्धांत झालंय. प्रशिक्षक म्हणतात, एकाग्रता नाही. नवखा लगेच एकाग्रतेचे व्यायाम काढतो. थांबा. किमान तीन शक्यता लिहा. एक, ती शेवटच्या टप्प्यात दमते आणि पाय हलत नाहीत. दोन, आघाडी मिळाली की ती जिंकायचं सोडून चूक टाळायला खेळते, शटल मधोमध ठेवते. तीन, गॅलरीत बसलेल्या वडिलांकडे तिचं लक्ष जातं. आता प्रत्येक शक्यता तपासायची सोय करा. व्हिडिओवर शेवटच्या रॅली किती लांब आणि शटल कुठे पडतंय ते मोजा. फिटनेस प्रशिक्षकाला दमाबद्दल विचारा. वडील नसलेल्या सामन्यांचे निकाल वेगळे काढा. पहिली शक्यता खरी निघाली तर हे काम तुमचं नाहीच, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. समस्येची अशी मांडणी करता येणं हे या व्यवसायाचं गाभ्याचं कौशल्य आहे, पण कार्यशाळांत ते क्वचितच शिकवतात, कारण त्याला वेळ लागतो आणि ते दिसायला आकर्षक नसतं.

प्रश्नावल्यांविषयी एक इशारा. स्पर्धाचिंता मोजणारी सीएसएआय-२ ही २७ विधानांची प्रश्नावली सगळ्यांनाच सापडते आणि मग घरी बसून तिचं मराठी केलं जातं. अशा भाषांतराला मूळ मानकं लागू होत नाहीत. दोन स्वतंत्र भाषांतरं, उलट भाषांतर, लहान गटावर चाचणी, मग मोठ्या नमुन्यावर विश्वसनीयता आणि वैधता, एवढं केल्याशिवाय त्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये. सुरुवातीला बटलर आणि हार्डी यांनी १९९२ मध्ये मांडलेलं परफॉर्मन्स प्रोफाइलिंग जास्त कामाचं. खेळाडूलाच विचारायचं, तुझ्या खेळात अव्वल माणसाकडे काय काय असतं? त्याच्या शब्दांत आठ-दहा गुण लिहायचे, प्रत्येकाला दहापैकी आज किती आणि कुठवर जायचंय ते मांडायचं. प्रशिक्षकाकडूनही तेच आकडे वेगळे भरून घ्यायचे. दोघांच्या आकड्यांत जिथे मोठी फट दिसते, तिथून संभाषण सुरू होतं.

आता तंत्रं. श्वसन, कल्पनाचित्रण, स्वसंवाद, ध्येयनिश्चिती, कृतीपूर्व दिनक्रम (कृतीआधी दर वेळी त्याच क्रमाने करायच्या गोष्टी): यादी छोटी आहे आणि पुस्तकात आठवड्याभरात वाचून होते. एक तंत्र खोलवर शिकायचं असेल तर नेमबाजीतला शॉटपूर्व दिनक्रम घ्यावा. कोल्हापूर-पुण्याने देशाला इतके नेमबाज दिले आहेत, की रेंजवर बसून शिकण्याची सोय आपल्याकडे उत्तम आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे याच मातीतला.

१० मीटर एअर रायफलमध्ये ६० शॉट आणि ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दिनक्रम बांधताना आधी खेळाडू आत्ता काय करतो ते व्हिडिओवर पाहा. बहुतेकांचा एक अर्धामुर्धा दिनक्रम असतोच. त्यातलं उपयोगी ते ठेवून पाच-सहा पायऱ्या करा: रायफल उचलण्याआधी एक सावकाश श्वास, शरीराचा नैसर्गिक रोख लक्ष्याकडे आहे का याची खात्री, गाल टेकवणं, श्वास अर्धवट सोडून थांबणं, ट्रिगर, आणि शॉट सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसंच राहणं. याला जोडून एक महत्त्वाचा नियम: धरून ठेवण्याचा वेळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर रायफल खाली घ्यायची. दडपणाखाली नेमकं हेच होत नाही. खेळाडू ‘आता सोडूनच टाकू’ म्हणतो आणि ९.२ येतो. म्हणून रायफल खाली घेण्याचाही सराव वेगळा करून घ्यावा, रोजच्या सरावात काही शॉट मुद्दाम रद्द करायला लावून.

बिघडतं कुठे? दिनक्रम फार लांब होतो. किंवा त्यात ‘कोपर आत, खांदा सैल, बोट सरळ’ अशा तांत्रिक सूचना भरल्या जातात. सवयीने आपोआप होणाऱ्या हालचालीवर जाणीवपूर्वक पहारा बसवला की दडपणात ती विस्कटते. रिच मास्टर्स यांचं १९९२ पासूनचं संशोधन याच विषयावर आहे. स्वतःशी बोलायचा शब्द एकच ठेवावा, तालाचा किंवा भावनेचा. तिसरी चूक, दिनक्रम थेट स्पर्धेत वापरायला सांगणं. आधी काही आठवडे गोळीशिवायचा कोरा सराव, मग सरावातल्या मालिका, मग गुण लावलेले आपसातले सामने, आणि शेवटी एखादी कमी महत्त्वाची स्पर्धा. या काळात गुण मोजू नका. दहा शॉटच्या मालिकेत किती वेळा दिनक्रम पूर्ण पाळला, तेवढंच मोजा. गुण सुरुवातीला घसरूही शकतात, आणि हे प्रशिक्षकाला आधी सांगून ठेवलं नसेल तर तो तिसऱ्या दिवशी सगळं बंद करतो.

सुपरव्हिजनशिवाय, म्हणजे जाणत्याच्या नियमित देखरेखीशिवाय, यातलं काहीच पक्कं होत नाही. अनुभवी क्रीडामानसशास्त्रज्ञ जवळपास मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर दोन माणसं जोडा: महिन्यातून दोनदा भेटणारा परवानाधारक क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ, आणि त्या खेळातला मुरलेला प्रशिक्षक, जो तुमच्या खेळाडूंचा प्रशिक्षक नाही. भेटीला ‘सगळं ठीक चाललंय’ घेऊन जाऊ नका. एका सेशनची संमतीने केलेली ध्वनिमुद्रित दहा मिनिटं न्या, जिथे तुम्ही अडखळलात ती. डेव्हिड टॉड, मार्क अँडरसन आणि डॅरिल मर्चंट यांनी नवख्या व्यावसायिकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आहे. सुरुवातीला ही मंडळी स्वतःच प्रश्न सोडवून द्यायला धावतात आणि शिकलेल्या पद्धतीला घट्ट धरून राहतात. हळूहळू ती खेळाडूबरोबर काम करायला लागतात, लवचीक होतात, नात्याचं मोल त्यांना कळतं. तुमच्या ध्वनिमुद्रणात तुमचा आवाज खेळाडूपेक्षा जास्त ऐकू येत असेल, तर तुम्ही त्या पहिल्या टप्प्यात आहात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते ऐकून तुम्हाला दाखवून देणारं कुणीतरी हवं.

प्रत्येक सेशननंतर त्याच दिवशी टिपण लिहा. काय झालं, मी काय समजलो, काय केलं आणि का, पुढे काय. ‘का’ हा रकाना रिकामा राहिला, तर ते सेशन सुपरव्हिजनला न्यायचं.

मर्यादांचं बोललंच पाहिजे. कुस्तीत वजन उतरवण्यासाठी पैलवान पाणी तोडतात, सौना घेतात, उपाशी राहतात. चिडचिड, झोप उडणं, खाण्यावर तुटून पडणं हे त्याचे परिणाम असू शकतात, किंवा खाण्याच्या विकाराची सुरुवातही असू शकते. मुलींमध्ये पाळी थांबली आहे का, हे विचारावंच लागतं; संकोच वाटत असेल तर महिला सहकाऱ्याची किंवा डॉक्टरांची मदत घ्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सोळा वर्षांवरच्या अव्वल खेळाडूंसाठी एसएमएचएटी-१ ही मानसिक आरोग्य तपासणीची साखळी दिली आहे. तिची पहिली पायरी १० प्रश्नांची असून १७ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढची तपासणी होते. ती डॉक्टर आणि परवानाधारक तज्ज्ञांसाठी आहे. उमेदवाराने ती स्वतःच्या बळावर वापरू नये, पण तिच्यात काय पाहतात हे माहीत हवं. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारायला शिका. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही.

पहिला खेळाडू समोर बसण्याआधी एका कागदावर नावं-नंबर तयार ठेवा: जवळचा मानसोपचारतज्ज्ञ, क्रीडावैद्यक डॉक्टर, आहारतज्ज्ञ, टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६, चाइल्डलाइन १०९८. हे सगळं प्रसंग आल्यावर शोधायला बसलात, तर उशीर झालेला असतो.

पैशाबद्दल थोडंच. पदकाची हमी देऊ नका, ‘याचं यश माझ्यामुळे’ असं लिहू नका, खेळाडूबरोबरचे फोटो जाहिरातीला वापरू नका. तो तुमच्याकडे येतो, हीदेखील गोपनीय माहिती आहे. काम मिळवण्यासाठी प्रशिक्षकांसाठी नव्वद मिनिटांचं सत्र घ्या: मुलांना चूक कशी सांगावी, हरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय बोलू नये. त्यातून येणारी कामं टिकतात.

उरला व्यायाम. नावात हा शब्द असूनही उमेदवार त्याकडे पाठ फिरवतात, कारण तिथे पदकं नाहीत. पण काम तिथेच जास्त आहे: मधुमेह, हृदयविकारानंतरचं पुनर्वसन, सांधेदुखी, नैराश्य. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. ती बहुतेक रुग्णांना डॉक्टरांकडून कळलेली असते, तरी ते चालत नाहीत. तिथे माहिती वाढवून उपयोग नसतो. ‘चालायला हवं’ हे जोवर डॉक्टरांचं किंवा सुनेचं वाक्य आहे, तोवर पाय निघत नाही. त्यांचं स्वतःचं कारण त्यांच्याच तोंडून यावं लागतं, आणि त्यासाठी प्रेरणात्मक मुलाखतीचं तंत्र रीतसर शिकावं लागतं.

पहिलं लक्ष्य हास्यास्पद वाटेल इतकं लहान ठेवा, दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. वेग असा की चालताना बोलता यावं. सुरुवातीलाच धाप लागून नकोसं वाटलं तर माणूस परत येत नाही. हृदयरोगी असेल तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेबाहेर एक पाऊल नाही. योजना ‘जर-तर’ अशा वाक्यात लिहून घ्या: ‘सकाळचा चहा झाला की चप्पल घालून गेटपर्यंत जाईन.’ आणि जूनच्या आधी पावसाची योजना करा. आपल्याकडे चालणं सुटतं ते बहुतेकदा आषाढात, आणि सुटलं की दिवाळीपर्यंत सुटलेलंच राहतं. जिना, बंद पार्किंग, मंदिराचा सभामंडप, घरातल्या खुर्चीवरचे व्यायाम, यातलं काय कुणाला जमेल ते मे महिन्यातच ठरवून त्याची एकदा रंगीत तालीम करून घ्या. पाठपुराव्याचे फोन जुलैच्या पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात ठेवा, कारण ऑगस्टमध्ये केलेला फोन फक्त व्यायाम बंद पडल्याची बातमी ऐकायला उपयोगी पडतो.